हातब्रेकची तार

मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, १९४८ साली स्थापन झालेली अशोक मोटर्स १९५५ साली अशोक लेलँड झाली. १९६२ साली तेथेच ब्रेक्स इंडिया ही कंपनी उभी राहिली. मालमोटार घडविणाऱ्या नगरीने ती थांबविण्याची विद्याही जोपासली.

पायाचा ब्रेक द्रवाच्या वा हवेच्या दाबावर चाले. गळती झाली की दाब ओसरे. म्हणून अनेक जुन्या मालमोटारींत उभ्या गाडीसाठी निराळी यांत्रिक योजना असे. हातब्रेकच्या दांड्यापासून पोलादी तार मागील चाकांच्या ड्रमपर्यंत जाई. तेथे ती तरफ ओढी आणि ब्रेकशू ड्रमला घट्ट भिडत. कुशल कारागीर आधी शू व ड्रम यांतील अंतर जुळवी, मगच तार ताणी. शूची झीज झाकण्यासाठी नुसती तारच ताणली, तर ते चालत्या गाडीत घासून तापत. घाटात उभ्या राहिलेल्या भरल्या गाडीचा भरवसा अखेर त्या तारेवरच असे.