वारा, खाडी आणि नौकेची घडण : कल्याण खाडीच्या संदर्भात मराठा नौकाबांधणीचा विचार

प्रस्तावना

मध्य रेल्वेवरील दिवा व डोंबिवली या स्थानकांच्या दरम्यान असलेल्या कोपरच्या परिसरातून उल्हास नदीचे खाडीपात्र जवळ आहे. हे पात्र वर कल्याणपर्यंत जाते. खाली ठाण्याच्या बाजूस त्याला दोन वाटा फुटतात, एक ठाण्याच्या खाडीची आणि दुसरी वसईच्या खाडीची. रेल्वेतून जाणाऱ्या प्रवाशाला आज ही खाडी केवळ पाण्याचा एक पट्टा वाटते. इतिहासात मात्र ती रहदारीचा राजमार्ग होती. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे आणि सहाव्या शतकातील कॉस्मस या लेखकानेही त्याची नोंद घेतली आहे.

मराठा आरमाराविषयी लिहिताना, नौका लहान होत्या म्हणून आरमार दुबळे होते, असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. नौकेचा आकार ही कमतरता होती की निवड होती, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खाडीने घातलेल्या अटी

शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण व भिवंडी ही ठाणी घेतली. 1659 च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात भिवंडी, कल्याण व पनवेल येथे लढाऊ नौका बांधल्या जात असल्याचा उल्लेख येतो. या नौकांना बाहेर पडू देऊ नये, असा पोर्तुगीजांचा प्रयत्न होता. त्यामागील कारण भूगोलात आहे. कल्याणच्या नौकेला समुद्र गाठावयाचा तर वसई किंवा ठाणे यांपैकी एका वाटेने जावे लागे आणि ही दोन्ही ठाणी तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. ती मराठ्यांकडे आली 1737 ते 1739 च्या मोहिमेत.

अशा जागी नौका बांधणाऱ्यासमोर काही अटी आपोआप उभ्या राहत. पात्र उथळ व गाळाचे. भरती-ओहोटीचा जोर उधाण आणि भांग यांनुसार बदलणारा. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे आणि रात्री-पहाटे जमिनीवरून वाहणारे मतलई वारे, यांच्या संधिकालात शीड निरुपयोगी होई. पावसाळ्यात समुद्र बंद. अनुकूल गोष्ट म्हणजे कल्याण, मुरबाड, शहापूर या भागांतील रानांत सागवान मुबलक होते.

गुराब व गलबत : निवड

रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने 1763 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पश्चिम किनाऱ्यावरील गुराब व गलबत यांचे तपशीलवार वर्णन केले आहे. त्यानुसार गुराबेला दोन, क्वचित तीन डोलकाठ्या असत. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे 300 टनांची, तर दोन डोलकाठ्यांची 150 टनांपर्यंतची. लांबीच्या मानाने रुंदी अधिक, तळ पाण्यात फार खोल न जाणारा आणि नाळ पुढे निमुळती होत गेलेली. गलबत त्याहून लहान, सहसा 70 टनांच्या आतले. त्याच्या मुख्य डोलकाठीवर एक मोठे त्रिकोणी शीड आणि जोडीला 40 ते 50 वल्ही. वाऱ्याविना ते ताशी सुमारे चार मैल जाई व गरज पडल्यास गुराबेला ओढून नेई.

ही रचना अपघाताने घडलेली नाही, याचा पुरावा रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त सापडतो. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत. वाऱ्यावाचून निकामी ठरणारी अवजड जहाजे बांधूच नयेत. पाच गुराबा व पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा, असे त्यात सांगितले आहे. मोठे जहाज ठाऊक होते, त्याचे गुणदोष पारखले होते आणि ते विचारपूर्वक बाजूस ठेवले होते, हे यातून स्पष्ट होते. लाकडासाठी रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, ही त्याच प्रकरणातील ताकीद नौकाबांधणी व जमीनव्यवस्था यांचा संबंध दाखविते.

जुळवणी

निवडीनंतर जुळवणीचा प्रश्न येतो. गुराबेची निमुळती नाळ समोरच्या लाटेवर जोराने वरखाली होई. म्हणून, ऑर्म सांगतो, नाळेवरील फळीला कठडा ठेवीत नसत. वर आलेले पाणी अडथळ्यावाचून वाहून जाई. दोष पूर्णपणे घालविता येत नसेल तर त्याचा परिणाम सौम्य करावयाचा, ही कारागिराची दृष्टी येथे दिसते. शिडाचा विस्तार, डोलकाठीची जागा आणि नीरम, म्हणजे तळात भरलेले वजन, यांचा मेळ घालणे हा त्याच कौशल्याचा भाग होय.

हेच तत्त्व आजच्या हायड्रोफॉइल फळीत अधिक उघडपणे दिसते. एन्रिको फोर्लानिनी यांनी 1906 मध्ये इटलीतील माज्जोरे सरोवरावर पाण्याखालील पंखांवर उचलली जाणारी नौका चालविली. बेल व बाल्डविन यांच्या ‘एचडी-4’ या नौकेने 1919 मध्ये ताशी सुमारे 114 किलोमीटरचा वेग गाठला. आता वाऱ्यावर व लाटांवर स्वार होणाऱ्या फळीखाली एक दांडा आणि त्याच्या टोकाला पुढचा-मागचा पंख बसवितात. वेग दुप्पट झाला की पंखाची उचल चौपट होते. म्हणून मंद वाऱ्यात मोठा पंख उपयोगी पडतो, पण वेग वाढल्यावर तोच पाण्याचा अवरोध वाढवितो. लांब दांडा फळीला लाटेच्या वर ठेवतो, पण त्याला खोल पाणी लागते. दांडा किंचित पुढे-मागे सरकवून अथवा मागच्या पंखाखाली पातळ पट्टी घालून तोल साधतात. पॅरिस येथील 2024 च्या ऑलिंपिकमध्ये ‘आयक्यूफॉइल’ प्रकारात सर्व स्पर्धकांची साधने एकाच नमुन्याची होती. पुरुषांसाठी 9 आणि स्त्रियांसाठी 8 चौरस मीटरचे शीड. तेथे निवड जवळजवळ संपते, जुळवणी उरते.

या दोन काळांत परंपरेचा धागा आहे, असा दावा येथे नाही. मात्र दोन्हीकडे प्रश्न एकच आहे : कोणत्या पाण्यासाठी, कोणत्या वाऱ्यासाठी, आणि कोणती किंमत देऊन?

निवडीची किंमत

किंमत निश्चितच होती. उथळ तळाची, हलक्या बांध्याची नौका अवजड तोफांचा भार पेलू शकत नव्हती. खुल्या समुद्रात मोठ्या युद्धनौकांशी समोरासमोर झुंजणे तिला अवघड होते. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. परंतु तेथे नौका एकमेकींशेजारी नांगरून पडल्या होत्या. वल्ही, वेग व उथळ पाणी यांचा कोणताही लाभ त्यांना मिळू शकला नाही. शिवाय पेशवे त्या वेळी इंग्रजांच्या बाजूने होते. या पराभवाचे खापर केवळ नौकेच्या घडणीवर फोडणे न्याय्य ठरत नाही. उलट, डिसेंबर 1721 मध्ये कान्होजी आंग्रे यांच्या कुलाब्यावर चालून आलेल्या इंग्रज-पोर्तुगीज संयुक्त मोहिमेला मोठी जहाजे असूनही यश आले नाही.

समारोप

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना साधनाचा आकार हा निकष पुरेसा नाही. ते साधन कोणत्या परिस्थितीसाठी घडविले गेले आणि त्यासाठी कोणती मर्यादा जाणूनबुजून स्वीकारली गेली, हे पाहिले पाहिजे. 1854 मध्ये रेल्वे कल्याणपर्यंत पोहोचल्यानंतर खाडीमार्गाचे महत्त्व ओसरत गेले. त्याबरोबर खलाशी व सुतार यांच्या अनुभवातून आलेले ज्ञानही विस्मृतीत जाऊ लागले. कल्याण-डोंबिवली परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल व भौतिकशास्त्र विभागांनी मिळून या खाडीची खोली, वारे व नौकांची परिभाषा नोंदविण्याचे काम हाती घेतल्यास कागदपत्रांतील मौन काही अंशी भरून निघेल. अभ्यासविषय दारातच आहे.