योसेमिटीचें खोरें आणि वॉटकिन्सच्या कांचा

सन १८६१ च्या उन्हाळ्यांत कॅलिफोर्नियांतील सिएरा नेवाडा पर्वताच्या वाटेनें डझनभर खेचरांचा एक तांडा चालला होता. पाठीवर कांचेचीं तावदानें, औषधांच्या बाटल्या, काळोखा तंबू आणि मुद्दाम सुताराकडून करवून घेतलेला एक अजस्र कॅमेरा. सारें मिळून ओझें सुमारें एक टन. तांड्याचा धनी कार्लटन वॉटकिन्स. तो १८२९ सालीं न्यूयॉर्क प्रांतांतील ओनिऑन्टा गांवीं जन्मला आणि सोन्याच्या धामधुमींत पश्चिमेस आला. परंतु पुढें छायाचित्रकाराच्या धंद्यांत रमला.

एवढा मोठा कॅमेरा कशासाठीं, असें श्रोत्यांस वाटेल. त्या काळीं लहान चित्र मोठें करण्याची सोय व्यवहारांत नव्हती. जेवढी कांच तेवढेंच चित्र. तीन हजार फूट सरळ उभा राहिलेला कडा तळहाताएवढ्या कागदावर काय दिसणार? म्हणून वॉटकिन्सनें २२ इंच लांब व १८ इंच रुंद अशा कांचा घेतल्या. अशा कांचेवर कलोडियनचा चिकट द्रव सारखा पसरावयाचा, तंबूच्या अंधारांत ती रुप्याच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत बसवावयाची आणि वाळण्यापूर्वींच तंबूंत परत आणून चित्र उमटवावयाचें. मध्यें वाळली कीं श्रम फुकट. धुळीचा कण बसला तर डाग, वारा सुटला तर झाडांचीं पानें पुसट. आणि हा सारा खटाटोप कड्याच्या टोंकावर! त्या एका सफरींत त्यानें अशा ३० मोठ्या कांचा आणि सुमारें १०० जोडचित्रें सुखरूप खालीं आणलीं.

१८६२ सालीं हीं चित्रें न्यूयॉर्कमध्यें मांडलीं गेलीं. देशांत यादवी युद्ध पेटलेलें, पश्चिमेस जाणारी सलग आगगाडी १८६९ पर्यंत झालेली नव्हती. पूर्वेकडील बहुतेकांनीं तें खोरें पाहिलें तें कागदावरच. १८६४ सालीं सेनेटर जॉन कॉनेस यानें वॉशिंग्टनच्या विधिमंडळांत कायदा आणला, आणि ३० जून रोजीं अध्यक्ष लिंकन यांनीं त्यावर सही केली. खोरें व जवळची महावृक्षांची राई कॅलिफोर्नियाच्या स्वाधीन झाली. अट एवढीच, कीं तीं सदैव लोकांच्या उपभोगासाठीं राखावीं. चित्रें प्रत्यक्ष सभासदांपुढें ठेवलीं गेलीं काय, यावर इतिहासकारांचें एकमत नाहीं. परंतु कायद्यापूर्वीं तीं गाजलीं होतीं, हें निर्विवाद.

त्या चित्रांत एक उणीव मात्र दिसते. खोरें जणूं निर्मनुष्य, नुकतेंच निर्माण झालेलें भासतें. तसें तें नव्हतें. अवघ्या दहा वर्षांपूर्वीं, १८५१ सालीं, सशस्त्र पलटणीनें आहवानीची लोकांस तेथून हुसकून लावलें होतें. कॅमेऱ्यास रिकामी भूमि दिसली, ती रिकामी केलेली होती.

१८६७ च्या पॅरिस प्रदर्शनांत वॉटकिन्सला पदक मिळालें. योसेमिटींतील एका शिखरास त्याचें नांवही पडलें. व्यवहारांत मात्र तो कच्चा होता. १८७० नंतरच्या मंदींत कर्ज वाढलें, चित्रशाळा गेली आणि तिच्याबरोबर साऱ्या कांचाही गेल्या. आतां त्याच कांचांवरून दुसरा एक छायाचित्रकार आपल्या नांवानें प्रती काढून विकूं लागला! वॉटकिन्सनें हाय खाल्ली नाहीं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर तो पुन्हां त्याच कड्यांपाशीं गेला आणि नवीं चित्रें घेऊं लागला.

पुढें दृष्टि मंदावली. एक वेळ अशी आली कीं, बायकोमुलांसह त्यास आगगाडीच्या जुन्या डब्यांत दिवस काढावे लागले. जवळचा संग्रह एका विद्यापीठास देण्याचें बोलणें चाललें असतांना, १८ एप्रिल १९०६ रोजीं सॅन फ्रान्सिस्कोस भूकंपाचा धक्का बसला. मागोमाग आग लागली व चित्रशाळेंतील कांचा नि कागद जळून गेले. त्या वेळीं तो शहात्तर वर्षांचा होता. १९१० सालीं त्यास नापा येथील वेड्यांच्या इस्पितळांत ठेवावें लागलें. १९१६ च्या जून महिन्यांत तेथेंच त्याचा अंत झाला, आणि इस्पितळाच्या आवारांतच त्यास पुरण्यांत आलें.