शोधयंत्र विपणन, लघुव्यवसायांचे
इंटरनेटवरील शोधयंत्राच्या निकालांत व्यवसाय ठळकपणे दिसावा, यासाठी संकेतस्थळाची रचना, मजकूर व जाहिरात यांची केलेली योजना. तिची दोन अंगे आहेत. विनामूल्य क्रमवारीत पानावरील मजकुराची समर्पकता आणि इतर संकेतस्थळांवरून आलेले दुवे यांना महत्त्व असते. दुव्यांवर आधारलेली पेजरँक पद्धत गूगलच्या संस्थापकांनी १९९८ मध्ये मांडली. सशुल्क अंगात शोधशब्दांसाठी लिलाव होतो. त्यात बोलीच्या रकमेबरोबर जाहिरातीची गुणवत्ताही पाहिली जाते. गूगलची ही सेवा २००० मध्ये ॲडवर्ड्स या नावाने सुरू झाली. २०१८ पासून ती गूगल ॲड्स म्हणून ओळखली जाते.

व्यवसायाच्या स्वरूपानुसार योजना बदलते, हे वऱ्हाडातील उदाहरणांवरून दिसते. अमरावतीचे ठोक कापडव्यापारी व अकोल्याच्या डाळ मिल यांचे गिऱ्हाईक परगावचे असल्याने मालाचे प्रकार, किमान खरेदी व वाहतुकीची सोय संकेतस्थळावर स्पष्ट असावी लागते. वरुड-मोर्शीच्या संत्रा विक्रेत्यांना वर्षभर जाहिरात परवडत नाही. संत्र्याच्या आंबिया व मृग या बहारांची फळे बाजारात येण्याच्या सुमारास जाहिरात देणे किफायतशीर ठरते. स्थानिक दुकानांना गूगलच्या नकाशावरील विनामूल्य नोंद पुष्कळदा पुरेशी असते. मात्र नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक सर्वत्र एकसारखे हवेत.

दरपत्रक छायाचित्रात न देता अक्षरांत द्यावे, पान मोबाइलवर लवकर उघडावे आणि मराठी-हिंदी मजकूर असावा. संकेतस्थळाच्या पत्त्यासाठी देवनागरीतील ‘.भारत’ हे क्षेत्रनाम २०१४ पासून उपलब्ध आहे. पहिल्या क्रमांकाची हमी कोणतीही संस्था देऊ शकत नाही.