संयुक्त व्यायाम

संयुक्त व्यायाम : ताकदीचा व्यायाम (वजने उचलणे, जोर, बैठका) आणि दमसासाचा व्यायाम (भरभर चालणे, धावणे, सायकल, पोहणे) एकाच आठवड्याच्या क्रमात बसवण्याची पद्धत. चाळिशीनंतर रक्तातील साखर आणि पोटाचा घेर आटोक्यात ठेवण्यासाठी तिची शिफारस होते. तालमीतल्या पैलवानाला ही जोड नवी नाही. मधुमेहाच्या अंगाने तिची मोजदाद मात्र अलीकडची.

कार्य : जेवणानंतर इन्शुलिनच्या प्रभावाने रक्तातून उचलल्या जाणाऱ्या ग्लुकोजचा मोठा वाटा स्नायूंकडे जातो. वयाबरोबर स्नायू घटतात, म्हणजे साठवणीची कोठीच लहान होते. वजनांनी ती टिकते. दमसासाच्या व्यायामाने स्नायूंतील तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया), म्हणजे इंधन जाळणाऱ्या भट्ट्या, वाढतात.

प्रयोग : कॅनडातील ‘डेअर’ चाचणीत (२००७) ३९ ते ७० वयाचे, टाइप २ मधुमेहाचे २५१ रुग्ण होते. व्यायाम आठवड्यातून तीनदा. ट्रेडमिल वा सायकलवर सुरुवातीला १५-२० मिनिटे, पुढे ४५. ताकदीसाठी यंत्रांवर सात प्रकार. वजन एवढे, की सात ते नऊ वेळा उचलल्यावर पुन्हा उचलवू नये. व्यायाम न करणाऱ्या गटाच्या तुलनेत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) केवळ दमसासाने ०.५१ आणि केवळ ताकदीने ०.३८ टक्के-अंकांनी उतरले. संयुक्त गटात ते दमसासाच्या गटापेक्षाही ०.४६ ने अधिक उतरले. रक्तदाब व रक्तातील मेद यांत गटागटांत लक्षणीय फरक नव्हता, हे सहसा सांगितले जात नाही. शिवाय संयुक्त गटाने दोन्ही व्यायाम पूर्ण केल्याने त्याचा वेळही जास्त गेला. तेव्हा श्रेय जोडीचे की वेळेचे, हा प्रश्न उरला. अमेरिकेत लुइझियानातील ‘हार्ट-डी’ चाचणीने (२०१०) २६२ रुग्णांवर नऊ महिने, गटांचा वेळ साधारण सारखा ठेवून, तो तपासला. एचबीए१सीतील लक्षणीय घट व्यायाम न करणाऱ्या गटाच्या तुलनेत फक्त संयुक्त गटात आढळली : ०.३४ टक्के-अंक. आकडा लहान आहे. तरी प्रस्तुत विषयातील सर्वांत वजनदार पुरावा हाच.

मतभेद : दमसासाच्या व्यायामाने ताकदीची वाढ खुंटते, असे संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये दाखवले. त्यांच्या प्रयोगात ताकदीचा व्यायाम आठवड्याला पाच दिवस आणि दमसासाचा सहा दिवस होता. कामाधंद्यातल्या पन्नाशीच्या माणसाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

भारतीय संदर्भ : पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांचे शेजारीशेजारी उभे असलेले छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली छापले गेले. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. तेवढ्याच बीएमआयमध्ये चरबी जास्त, म्हणजे स्नायूंचा वाटा कमी. दिसायला सडपातळ भारतीय माणसाने नुसत्या चालण्यावर का थांबू नये, याचे कारण या एका चित्रात दिसते.

दक्षता : हृदयविकार वा डोळ्यांतील पडद्याचा विकार असल्यास वैद्यकीय तपासणी आधी.

प्रमाण : जागतिक आरोग्य संघटना (२०२०) प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सुचवते. भारतीयांसाठीच्या २०१२ च्या सहमतिपत्रकात रोज ६० मिनिटांची हालचाल असून त्यांपैकी १५ मिनिटे ताकदीच्या व्यायामाची आहेत.