लिथियमची कुळकथा

स्वीडनमधील ऊतो बेटावरच्या लोखंडाच्या खाणीत सापडलेल्या एका फिकट खनिजाचे वर्णन 1800 च्या सुमारास जुझे बोनिफासिओ या ब्राझिली विद्वानाने, जो पुढे आपल्या देशाच्या स्वातंत्र्याचा शिल्पकार म्हणून विख्यात झाला, प्रथम प्रसिद्ध केले, तेव्हा त्या दगडाचा मनुष्याच्या चित्ताशी काही संबंध असेल ही कल्पना कोणाच्याही मनास शिवली नसावी. 1817 साली स्टॉकहोम येथे बर्झेलियसच्या प्रयोगशाळेत तरुण आर्फवेडसनने त्याचे पृथक्करण केले, आणि जे थोडे वजन कोणत्याही ज्ञात द्रव्याच्या खाती जमा होईना, ते एका नव्या धातूचे निघाले. तोच लिथियम.

या धातूचे क्षार युरिक आम्ल विरघळवितात असे दिसून आल्यावर लंडनच्या गॅरड या वैद्याने 1859 साली संधिवाताच्या एका प्रकारावर त्यांची शिफारस केली. डेन्मार्कच्या कार्ल लांगे याने तर 1886 साली, वारंवार उद्भवणाऱ्या अवसादाचे मूळही युरिक आम्लातच आहे अशा समजुतीने, मनोरुग्णांना तेच क्षार दिले. मूळ समजूत चुकीची होती, इलाज मात्र गुणकारी होता; तथापि समजूत मोडीत निघाली आणि तिच्याबरोबर इलाजही दप्तराआड गेला.

त्याचे पुनरुज्जीवन जॉन केड या ऑस्ट्रेलियन मनोविकारतज्ज्ञाने केले. महायुद्धात सिंगापूरच्या चांगी तुरुंगात तीन वर्षांहून अधिक काळ जपान्यांच्या कैदेत काढून परतलेल्या या गृहस्थाने मेलबर्नजवळच्या बंडूरा येथील साध्या इस्पितळात गिनीपिगांवर प्रयोग आरंभिले. लिथियम टोचल्यावर ते प्राणी शांत होतात असे पाहून, प्रथम स्वतः ते घेऊन मग उन्मादग्रस्त रुग्णांना दिले, आणि सप्टेंबर 1949 मध्ये आपला अनुभव जाहीर केला. वर्षानुवर्षे अनावर असलेला त्याचा पहिला रुग्ण घरी जाऊन कामावर रुजू झाला; परंतु पुढे त्याच औषधाच्या विषबाधेने दगावला. 1949 सालीच अमेरिकेत मिठाच्या ऐवजी लिथियमचा क्षार खाऊन काही हृदयरोगी मृत्यू पावले. औषध आणि विष यांतील अंतर येथे इतके अरुंद आहे की, डेन्मार्कच्या मोगेन्स शौ याने 1954 पासून पद्धतशीर परीक्षणे केली आणि रक्तातील प्रमाण मोजून मात्रा ठरविण्याची रीत रुजली, तेव्हाच या औषधाची प्रतिष्ठा स्थिर झाली. अमेरिकी सरकारची मंजुरी मिळावयास 1970 साल उजाडले.

स्मृतिभ्रंशाचा प्रश्न या कुळात आला तो पुन्हा डेन्मार्कमधूनच. तेथे प्रत्येक नागरिकाचे आजार व औषधे यांची सरकारी नोंद असते, आणि कोपनहेगनचे मनोविकारतज्ज्ञ लार्स केसिंग यांनी हे दप्तर फार निष्ठेने वाचले. 2008 साली त्यांना असे आढळले की, लिथियम सातत्याने घेत राहिलेल्या रुग्णांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सामान्य लोकांच्या पातळीपर्यंत उतरते. मग त्यांनी त्याहून सूक्ष्म प्रश्न हाती घेतला. डेन्मार्कचे पिण्याचे पाणी भूगर्भातून येते आणि त्यातील लिथियमचे प्रमाण प्रांतोप्रांती भिन्न असते. तेव्हा केवळ पाण्यावाटे जन्मभर पोटात जाणाऱ्या अंशाचाही काही परिणाम होत असेल काय? 73,731 स्मृतिभ्रंशाचे रुग्ण आणि त्यांच्या तुलनेस घेतलेले 7,33,653 इतर लोक यांच्या निवासस्थानांचा मेळ पाण्याच्या मोजमापांशी घालून 2017 साली त्यांनी निष्कर्ष मांडला: लिटरमागे 2 ते 5 मायक्रोग्रॅम असलेल्या प्रदेशाच्या मानाने 15 हून अधिक असलेल्या प्रदेशात विकाराचे प्रमाण सुमारे 17 टक्के कमी होते, मात्र 5 ते 10 च्या दरम्यान ते 22 टक्के अधिक होते.

हा मधला गैरसोयीचा आकडा मला या संशोधनाचा सर्वांत आदरणीय भाग वाटतो, कारण तो झाकला असता तर सिद्धांत अधिक देखणा दिसला असता. शिवाय 15 मायक्रोग्रॅमचे दोन लिटर पाणी म्हणजे 30 मायक्रोग्रॅम लिथियम, आणि मनोरुग्णांस देण्यात येणाऱ्या 300 मिलिग्रॅम क्षाराच्या एका गोळीत निव्वळ लिथियम सुमारे 56 मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन हजार पट असते. इतका क्षुद्र अंश मेंदूवर परिणाम करू शकतो काय, की त्या त्या प्रदेशातील दुसरेच एखादे कारण लिथियमच्या नावावर मोडत आहे, याचा निवाडा केवळ नोंदींवरून होणे शक्य नाही.

बोनिफासिओच्या देशात, साव पावलो येथे, ओरेस्तेस फोर्लेंझा यांनी 2011 साली स्मरण मंदावू लागलेल्या थोड्या रुग्णांना अल्प मात्रेत लिथियम देऊन आशाजनक चिन्हे नोंदविली. 2025 साली हार्वर्डच्या ब्रूस यँकनर यांच्या गटाने दाखविले की, अल्झायमर विकारात मेंदूतील नैसर्गिक लिथियम घटते आणि अमायलॉइड प्रथिनाच्या साचलेल्या पुंजांत अडकून पडते. उंदरांना लिथियमचा एक विशिष्ट क्षार अत्यल्प प्रमाणात दिल्यावर त्यांची स्मृती सुधारली. मनुष्यावर तो क्षार स्मृतिभ्रंशासाठी अद्याप सिद्ध झालेला नाही. वृद्धांची मूत्रपिंडे दुबळी असतात आणि त्यांच्या रक्तात लिथियम सहज साचते. म्हणून ज्यांच्या घरी आई-वडिलांची स्मृती हरपत आहे त्यांनी या बातम्या वाचून, रक्ततपासणीवाचून आणि वैद्याच्या अनुज्ञेवाचून, हा क्षार त्यांना देऊ नये, ही कळकळीची विनंती.