एक टाका मागे

आधी कपडे बदला. कपाटात खाली, घडीवर घडी ठेवलेल्या ढिगात हात घाला. वडिलांचा एखादा जुना सुती शर्ट असेलच, मोठ्या कॉलरचा. तो घाला. कोपराशी विरलाय, खांद्याजवळ आईनं रफू केलंय; असू दे. फोन घरीच ठेवा. खिशात पंचवीस-पंचवीस सेंटांची दोन नाणी तेवढी हवीत. मुलगी असाल तर एकच पुरे.

शनिवार, 11 ऑगस्ट 1973. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेकडचा ब्रॉन्क्स. पत्ता : 1520, सेजविक अव्हेन्यू.

पोहोचताच कानावर आदळतो तो गाड्यांचा आवाज. समोर विटांची उंच इमारत आहे, शंभरेक बिऱ्हाडांची. तिच्या अंगाला लागून मेजर डीगन हा द्रुतगती मार्ग अखंड घोंघावतोय आणि त्याच्या पलीकडे हार्लेम नदी आहे. जवळून क्रॉस ब्रॉन्क्स एक्स्प्रेसवे जातो. नगर-नियोजक रॉबर्ट मोझेस यांच्या आखणीनुसार हजारो कुटुंबांची घरं पाडून तो वस्तीच्या मधोमध नेलाय. ज्यांना जमलं ते ब्रॉन्क्स सोडून गेले. जे राहिले त्यांच्या वाट्याला आटलेला रोजगार आला, मालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या इमारती आल्या आणि या दशकात तर आगीही येतील, एकामागून एक. अशा वस्तीत ऑगस्टच्या उकाड्यात पोरं उंबऱ्यावर, पायऱ्यांवर बसून आहेत. पण आज त्यांच्या हातात एक छोटं कार्ड आहे.

ते कार्ड मागून घ्या आणि नीट पाहा. शाळेत टिपणं काढायला वापरतात तसलं साधं कार्ड, त्यावर हातानं लिहिलेला मजकूर. रात्री 9 ते पहाटे 4. मुलींना 25 सेंट, मुलांना 50. शाळा सुरू होण्याआधीची पार्टी. छपाईचा खर्च नको म्हणून एकेक कार्ड हातानं लिहून वाटलंय.

हा सगळा घाट घातलाय सिंडी कॅम्बेल नावाच्या शाळकरी मुलीनं. उन्हाळ्याची सुट्टी संपत आलीय, शाळा सुरू होणार, आणि तिला नवे कपडे हवेत. जवळच्या फोर्डहॅम रोडवर कपड्यांची दुकानं आहेत, पण तिथले कपडे सगळ्याच पोरींच्या अंगावर असतात. तिला जायचंय मॅनहॅटनच्या दुसऱ्या टोकाला, डिलॅन्सी स्ट्रीटवर, कारण तिथं वेगळं काही मिळतं. त्यासाठी हातात आहेत तेवढे पैसे पुरत नाहीत. म्हणून तिनं तळमजल्यावरचा हॉल 25 डॉलर भाड्यानं घेतलाय. रेकॉर्ड लावायला मोठा भाऊ आहे. स्पीकर वडिलांचे आहेत. खाण्यापिण्याचं घरचेच बघताहेत.

दाराशी उभे राहून जरा हिशेब करा. मुलीमागे 25 सेंट, म्हणजे नुसतं भाडं निघायला 100 मुली यायला हव्यात. किंवा 50 मुलगे. त्यानंतर येणाऱ्या पैशातून सरबतं, हॉट डॉग यांचा खर्च वजा करायचा, आणि मग जे उरेल त्यात कपडे घ्यायचे. चार कपड्यांसाठी या मुलीनं भाऊ, आई-वडील आणि अख्खी इमारत कामाला लावलीय. जे कपडे इतक्या खटपटीनं अंगावर येतात, ते कुणी दोनदा घालून टाकून देणार नाही. आजच्या प्रवासात तुम्हाला एवढी एकच गोष्ट सोबत न्यायचीय. आता नाणी द्या आणि आत चला.

आत अंधार आहे. एक मित्र भिंतीवरचं दिव्याचं बटण चालू-बंद करतोय, तीच इथली रोषणाई. पलीकडे टेबलामागे सिंडीचा भाऊ क्लाइव्ह उभा आहे. वय 18, धिप्पाड. हर्क्युलिससारखा म्हणून पोरं त्याला हर्क म्हणतात, कूल हर्क. 1967 साली तो जमैकातल्या किंग्स्टनहून इथे आला. तिथल्या गल्ल्यांत मोठमोठे स्पीकर लावून रात्र रात्र नाच चालायचे, ते त्यानं लहानपणी ऐकलंय. सुरुवातीला तो तिकडचीच गाणी लावतो, पण ब्रॉन्क्सच्या पोरांचे पाय हलत नाहीत. मग तो गायक जेम्स ब्राउनच्या रेकॉर्डकडे वळतो, आणि हॉल उसळतो. त्याचा मित्र कोक ला रॉक माइक हातात घेऊन समोरच्या पोरांची नावं पुकारतोय. ज्याचं नाव निघतं तो एकदम ताठ होतो. बाहेरच्या जगात या पोरांचं नाव सहसा हजेरीत, नाहीतर पोलिसांच्या तोंडीच येतं. इथं ते स्पीकरमधून, तालावर येतंय. रॅपचं बीज असं तुमच्या डोळ्यांदेखत पडलं. ‘हिप-हॉप’ हा शब्द मात्र या खोलीत अजून कुणाला ठाऊक नाही.

हर्क काय पाहतोय ते तुम्हीही पाहा. नाचणारी काही पोरं गाणं चालू असताना भिंतीशी थांबून राहतात. गाण्याच्या मधे गायक गप्प होतो, बाकीची वाद्यं बाजूला होतात आणि फक्त ढोल नि बेस उरतात, तेवढ्या तुकड्याची ती वाट पाहत असतात. हाच तो ‘ब्रेक’. तो आला की ती पोरं मधे झेप घेतात, जमिनीवर उतरतात, आणि काही सेकंदांत तो संपतो. पोरं हिरमुसून पुन्हा भिंतीशी.

इथून काळ थोडा पुढे सरकवा. त्याच पोरांनी भरलेली दुसरी एखादी पार्टी. हर्कच्या टेबलावर आता एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आहेत, दोन रेकॉर्ड प्लेअरच्या तबकड्यांवर शेजारी शेजारी. अगदी जवळ जा. पहिल्या तबकडीवर ब्रेक वाजतोय. तो संपायच्या आत हर्क दुसऱ्या तबकडीवर तोच ब्रेक सुरू करतो, आणि तो वाजत असताना पहिलीची सुई उचलून मागे, ब्रेकच्या सुरुवातीला, अंदाजानं टेकवतो. पुन्हा ही, पुन्हा ती. सुई मागे जाते आणि ताल पुढे जात राहतो. काही सेकंदांचा तुकडा मिनिटं मिनिटं चालतो, आणि भिंतीशी थांबलेली पोरं आता मधून हलतच नाहीत. जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या पाळण्यावरून त्यानं या युक्तीला नाव दिलंय, ‘मेरी-गो-राउंड’.

या टेबलावर नवं असं काय आहे? स्पीकर वडिलांचे. रेकॉर्ड इतरांनी गायलेल्या, काही तर कुणाच्या लक्षातही न राहिलेल्या. वस्तीकडे वाद्यं घ्यायला पैसे नाहीत, म्हणून तिनं जुन्या रेकॉर्डलाच वाद्य केलं. सगळं गाणं जिथं कामाचं उरलं नव्हतं, तिथं त्यातला घट्ट, न विरलेला तेवढा तुकडा काढून दुसऱ्या तुकड्याला जोडला.

हे काम तुम्ही आधी कुठंतरी पाहिलंय. कुठं, ते परतीच्या वाटेवर कळेल.

परतीच्या वाटेवर पहिला थांबा आपल्याच मुलखात. तोच ऑगस्ट, 1973, पावसाची उघडीप असलेली दुपार. मुंबईच्या गिरणगावात भोंगे वाजताहेत. गिरण्या बंद पाडणारा संप 18 जानेवारी 1982 ला सुरू होईल, त्याला अजून आठ वर्षांहून जास्त अवकाश आहे. दारावर बोहारीण आलीय. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं. आजी उंबऱ्यात बसून घासाघीस करतेय. दोन पँटी आणि एका साडीवर पातेलं मिळतं की नुसती वाटी, यावर अर्धा तास जातो. बोहारीण प्रत्येक कपडा उजेडात धरते, शिवण ताणून बघते. कपड्याची इतकी बारकाईनं तपासणी दुकानातसुद्धा होत नाही.

जे तिला द्यायचं नाही ते आजीनं बाजूला काढलंय. लुगडं विरलं की त्याचा धडका भाग कापून परकर व्हायचा, बाळाचं झबलं व्हायचं, दुपटं व्हायचं. त्यातून उरलं ते गोधडीत, आणि अगदीच जीर्ण झालं की हातपुसणं, शेवटी पोतेरं. आता ती गोधडी पसरून बसलीय. पणजीचं नऊवारी खाली, वर निरनिराळ्या रंगांचे तुकडे. हाताजवळ वाका. कडेच्या शिवणीला मजबुती यावी म्हणून ती सुई एक टाका मागे नेते आणि दोन टाके पुढे काढते. मागे, पुढे. मागे, पुढे. ओळखलंत ना? हर्कच्या हातात होती तीही सुईच. जे टिकलंय तिथं मागे जायचं, त्याला धरायचं आणि पुढे यायचं.

दुसरा थांबा अवघड आहे, पण तो टाळून घरी जाता येणार नाही. 24 एप्रिल 2013, सकाळ. बांगलादेशात ढाक्याजवळचं साभार. राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत, आणि तिच्यात कपडे शिवणारे कारखाने. कालच भिंतींना तडे गेलेत. तळाशी असलेली बँक आणि दुकानं बंद ठेवलीत. वर शिवणाऱ्या बायकांना मात्र कामावर या असं सांगितलंय. सकाळी नऊच्या सुमारास इमारत कोसळते. 1,100 हून अधिक माणसं मरतात, आणि त्यांत बायका जास्त. ढिगाऱ्यात कपड्यांवर शिवायच्या पट्ट्या सापडतात, आपल्या ओळखीच्या ब्रँडच्या. स्वस्त शर्टाची किंमत दुकानात दिसत नाही. ती अशा ठिकाणी दिसते.

2000 ते 2015 या पंधरा वर्षांत जगात कपड्यांचं उत्पादन जवळपास दुप्पट झालं, आणि एक कपडा फेकण्याआधी किती वेळा घातला जातो तो आकडा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घसरला. दरवर्षी सुमारे 9 कोटी 20 लाख टन कापडाचा कचरा होतो. एका सुती टी-शर्टसाठी, कापूस पिकवण्यापासून धरलं तर, 2,700 लिटर पाणी लागतं असा अंदाज दिला जातो. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. एकीकडं पऱ्हाटीला पाणी नाही, दुसरीकडं तिच्यातून निघालेला शर्ट दोनदा घालून कचऱ्यात.

आता शेवटचा थांबा. तो अजून घडलेला नाही, म्हणून तारीख तुम्हीच ठरवा. पुढच्या ऑगस्टमधला एखादा शनिवार. तुमच्याच भागातल्या शाळेचा हॉल, एका संध्याकाळपुरता भाड्यानं घेतलेला.

दाराशी एक मुलगी पेटी घेऊन बसलीय. आमंत्रणं तिनं हातानं लिहिलीत, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर. प्रवेश 50 रुपये. दुरुस्तीला कपडा घेऊन आलात तर 25. जमलेल्या पैशातून गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या गटाला शिलाई मशिनं घ्यायचीत. आत वस्तीतली पोरं माइक तपासताहेत. एक जण तोंडानं बीट धरतोय, दुसरी मराठीत बार्स, म्हणजे रॅपच्या ओळी, म्हणतेय, आपल्या आईच्या शिवणकामावर लिहिलेले.

पर्यावरणासाठी गाणारे रॅपर कुठून आणायचे, असं कुणी विचारलं तर त्याला मुंबईकडं बोट दाखवा. ‘स्वदेशी’ या मुंबईच्या गटानं 2019 मध्ये ‘द वारली रिव्हॉल्ट’ केलं. आरेच्या जंगलात राहणारे प्रकाश भोईर त्यात सोबत होते, आणि आदिवासींच्या जमिनीची, झाडांची बाजू त्यांनी मराठीतून मांडली. धारावीत तर हिप-हॉप शिकवणारी शाळा चालते, पोरांना फुकट. जिथं शहराचा टाकाऊ माल दुरुस्त होऊन पुन्हा कामाला लागतो, तिथल्या पोरांना ही कला आपली वाटली यात नवल नाही. 1973 च्या त्या खोलीतून निघालेली वाट त्यांच्या दारावरूनच जाते. म्हणून कपड्यांसाठी रॅपरनं गाणं हे ओढूनताणून जुळवलेलं नातं नाही. हिप-हॉपची पहिली रात्रच कपड्यांसाठी होती, आणि ती एका मुलीनं उभी केली होती. पुढं भावाचं नाव जगभर झालं. तुमच्या हॉलमध्ये मात्र तिचंही नाव पुकारलं जाऊ द्या. कोक ला रॉकनं पोरांची नावं पुकारली होती तसं, मोठ्यानं.

हॉलच्या कोपऱ्यात दुरुस्तीचं टेबल आहे. बटणांचा डबा, चेन, दोऱ्याची रिळं. टेबलामागच्या मावशी तुमच्याकडं बघतात, मग तुमच्या शर्टाच्या कोपराकडं.

“काढा इकडं. हे आजच धरलं नाही तर पार जाईल,” त्या म्हणतात.

तुम्ही शर्ट काढून देता. मावशी तो दिव्याखाली धरतात आणि विरलेल्या जागेभोवतीचं कापड बोटांनी चाचपून कुठंवर घट्ट आहे ते बघतात. मग डब्यातून निळ्या लुगड्याचा एक तुकडा निवडतात. तिकडं मंचावर बीट सुरू होतो, पोरांचे हात वर जातात. इकडं मावशी सुईत दोरा ओवून पहिला टाका घालतात, सुई एक टाका मागे नेतात, आणि मग पुढे काढतात.