लोक कोणता शब्द विचारतात?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

तुकोबांची गाथा ज्यांच्या घरी आहे, त्यांनी तिची शेवटची पाने जरूर उघडून पाहावीत. बहुतेक आवृत्त्यांत तिथे अभंगांची वर्णानुक्रमे सूची असते. अभंगाचे पहिले शब्द ठाऊक असले की पान लगेच सापडते. पण मधलाच एखादा चरण आठवत असला तर? मग सूचीचा काही उपयोग नाही, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायचे. शोधणाऱ्याला आठवणारा शब्द आणि सूची करणाऱ्याने निवडलेला शब्द यांची गाठ पडली नाही, तर हाताशी असलेले पुस्तकही मुके होते. आपले संकेतस्थळ शोधयंत्रात वर यावे म्हणून लोक ‘कीवर्ड’ हुडकत बसतात, त्या उद्योगाचे मूळ याच अडचणीत आहे.

ही अडचण जुनी आहे. तेराव्या शतकात पॅरिसमधल्या डोमिनिकन भिक्षूंनी, सेंट शेरच्या ह्यू यांच्या देखरेखीखाली, लॅटिन बायबलातल्या शब्दांची सूची केली. कोणता शब्द कुठे आला आहे, हे त्यात पाहता येई. १९५०च्या दशकाच्या अखेरीस आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी हेच काम संगणकाकडे सोपवले. शास्त्रीय लेखाच्या शीर्षकातला प्रत्येक महत्त्वाचा शब्द आळीपाळीने ओळीच्या मध्यभागी आणून त्याची सूची छापायची, अशी त्यांची युक्ती होती. पुढे १९७२ साली केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी एक साधी पण मोलाची गोष्ट दाखवून दिली. जो शब्द सगळीकडेच आढळतो तो शोधाच्या कामी फारसा येत नाही, आणि जो थोड्याच ठिकाणी आढळतो त्याचे वजन जास्त. आजच्या शोधयंत्रांच्या पायात हा दगड आहे.

मग महाजाल आले. डिसेंबर १९९५मध्ये अल्टाव्हिस्टा सुरू झाले आणि पानांमधला शब्द न् शब्द शोधता येऊ लागला. पानाच्या पोटात, वाचकाला न दिसणाऱ्या जागी, मालकाने आपले कीवर्ड लिहून ठेवायचे अशीही सोय होती. सोय म्हटली की तिचा गैरवापर आलाच. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत एकच शब्द शेकडो वेळा लिहिण्याचे प्रकार सुरू झाले. मागितले एक आणि निघाले भलतेच, असा अनुभव लोकांना येऊ लागला. गूगलचे लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८मध्ये यावर तोड काढली. पान स्वतःबद्दल काय म्हणते एवढेच न पाहता, इतर पाने त्याच्याकडे बोट दाखवतात का, हे त्यांनी मोजले. एका परीने ही साक्षीपुराव्याचीच पद्धत!

त्याच १९९८ साली बिल ग्रॉस यांच्या गोटू कंपनीने शब्दांचा चक्क लिलाव मांडला. जो जास्त बोली लावील त्याची जाहिरात वर. ही कंपनी पुढे ओव्हर्चर झाली आणि २००३मध्ये याहूने ती सुमारे १६० कोटी डॉलरला घेतली. गूगलनेही २०००मध्ये ॲडवर्ड्स सुरू केले होते. शब्दाला भाव आला, तसा कोणता शब्द किती लोक विचारतात हा आकडाही मोलाचा झाला, आणि तो सांगणारी साधने निघाली.

हे आकडे म्हणजे केवळ बाजारभाव नव्हेत, याची प्रचिती ऑगस्ट २००६मध्ये आली. अमेरिकेतल्या एओएल कंपनीने संशोधनासाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख ग्राहकांचे दोन कोटींच्या आसपास शोध जाहीर केले. नावे काढून त्यांच्या जागी क्रमांक घातले होते. तरीही पत्रकारांनी निव्वळ त्या शब्दांवरून एका वृद्ध बाईंचे घर हुडकून काढले. दुखणी, काळज्या, एकटेपणा, माणूस जे शेजाऱ्याला विचारत नाही ते या चौकटीत विचारतो. कीवर्डची यादी चाळताना आपण कुणाच्या तरी मनातले वाचत असतो, हे विसरता कामा नये.

आणि मराठी? युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासूनच होती. पण त्यानंतर कितीतरी वर्षे आपली बरीच मराठी संकेतस्थळे आपापल्या फाँटात चालत. पडद्यावर ‘पाऊस’ दिसे, संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरांची आणि खुणांची निरर्थक माळ असे. लेख असूनही शोधयंत्राला तो नसल्यासारखाच. शिवाय आपल्यापैकी अनेकजण मराठी शब्द रोमन लिपीत टंकतात, प्रत्येकाचे स्पेलिंग वेगळे. मग मोजदादीत मराठी विखुरते, थोडी दिसते, आणि ‘मराठीत कोण शोधतो?’ असे म्हणणाऱ्यांचे फावते.

दरम्यान शोधयंत्रे शहाणी झाली. पानाच्या पोटातले कीवर्ड आम्ही क्रमवारीसाठी बघतच नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९मध्ये जाहीर केले. २०१३पासून सुट्या शब्दांपेक्षा सबंध प्रश्नाचा अर्थ लावण्यावर भर आला. आता तर अनेकदा यंत्र स्वतःच उत्तर लिहून देते. शब्द कोंबण्याची कला त्यामुळे मोडीत निघाली. पण लोकांचा शब्द ओळखण्याची गरज काही संपली नाही. डॉक्टर ‘संधिवात’ लिहितात, आजीबाई ‘गुडघे धरलेत’ म्हणतात. दोघांची गाठ घालून देणे, हे खरे काम.

तेव्हा संकेतस्थळासाठी लिहिणाऱ्याने आकड्यांची साधने जरूर वापरावीत. पण त्याआधी दवाखान्याच्या बाकावर, बाजारात, एस.टी.च्या रांगेत लोक काय शब्दांत विचारतात ते ऐकावे. आणि आपण वाचकांनीही एक करावे. काही शोधायचे झाले तर एकदा तरी ते देवनागरीत, आपल्या शब्दांत विचारावे. जो शब्द कुणी विचारतच नाही, त्याचे उत्तर लिहायला तरी कोण बसेल?